मान वाकवून काढलेला फोटो

"फोटो साफ आहे, चाचा. मानेला काही झालेलं नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले.

रहीमचाचा कळमनुरीचे पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान. संधिवातानं बोटं सुजून वाकडी झालेली. आता नमाजाला वाकलं की मानेतून दोन्ही हातांत झिणझिण्या उतरायच्या.

"मंग बाजारातला न्हावी मान मोडून देतो म्हणतो. जाऊ का?"

"जा."

लढाईचे दिवस होते. हिंगोलीला आमच्या दवाखान्यात एक्स-रेची मशीन होती आणि ती चालवणारा मी, चौथी पास. लढाईपायी फिलमा मोजून मिळायच्या. चाचांना ताठ बसवून मी बाजूनं फोटो काढला होता. मणके एकावर एक, बराबर. मला तर लई आवडला होता तो.

दुपारी माझी बायको सखू डबा घेऊन आली. चाचा पायरीवरच बसले होते. तिनं त्यांचं सगळं ऐकलं आणि मला म्हणाली, "वाकल्यावर तकलीफ होती, तर तुमी ताठ काहून बसवलं?"

भाकर तशीच ठेवून मी डॉक्टरांकडं गेलो.

"साहेब, एक फोटो मान वाकवून काढतो."

"फिलमा तुझ्या शेतात पिकतात का, किसन?"

"वाया गेली तर मला काढून टाका."

चाचांना म्हणालो, "तुमीच हळू वाकवा. झिणझिणी आली की थांबा." मी मानेला हात लावला न्हाई.

फिलम धुतली. मानेचं पहिलं हाड कड्यासारखं असतं, दुसऱ्याची खुंटी त्यात बसते. त्यांना बांधणारी दोरी संधिवातानं सैल झाली होती. ताठ बसलं की कडं जागेवर. वाकलं की पुढं सरकायचं आणि मधे हरभऱ्याएवढी फट. मागं हातापायांना जाणारी मोठी नस दबायची. न्हाव्यानं एक हिसका दिला असता तर चाचा तिथंच लुळे पडले असते.

डॉक्टर फिलम खाली ठेवीनात. "तुला हे सुचलं कसं?"

"अनुभव, साहेब."

सखू दारातच उभी होती. तसाच राहिलेला डबा माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "लई अनुभव वो तुमचा."

चाचांच्या मानेला चामड्याचा पट्टा केला. नमाज खुर्चीवर बसून, मान न वाकवता. मौलवीसाहेबांनी व्हय म्हटलं. पुढं कितीतरी वरसं ते दुकानात ताठ बसून गिऱ्हाइकांशी भांडत राहिले. डॉक्टरही मानेचा फोटो सांगण्याआधी मला विचारू लागले.

सखूला जाऊन दोन वरसं झाली. हे काम शिकणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं: फोटो देखणा येतो तसा न्हाई, तकलीफ होते तसा काढावा. आणि कोणी सुचवलं, ते साहेबाला त्याच वक्ताला सांगावं.