पाठ दाखवायची नाही

क्लॉडेट आर्सेनोला आमच्या वस्तीत कोणी क्लॉडेट म्हणत नाही. तिची नातवंडं तिला मेमे म्हणतात, म्हणजे आजी. शाळेसमोर तिच्या भरवशावर रस्ता ओलांडणारं प्रत्येक पोर स्वतःला तिचं नातवंडच समजतं, त्यामुळे ती सगळ्यांचीच मेमे. अंगात पोपटी जाकीट, हातात दांड्याची लाल ‘थांबा’ पाटी, आणि आवाज असा की बॉस्टनला निघालेला घाईतला वकीलही करकचून ब्रेक दाबेल. नवरा गेला त्या वर्षी पोलिसांनी तिला गाड्या थांबवून पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं हे काम दिलं. तेव्हापासून बर्फ पडो नाहीतर गारा, तिने शाळेसमोरचा कोपरा सोडलेला नाही. माझं घर त्याच कोपऱ्यावर, म्हणून तिची बोलणी मीही खाल्ली आहेत.

“कचऱ्याचे डबे फुटपाथवर? पोरांनी काय उडत जायचं?” असं ती मला चारचौघांत विचारते. मला राग येतो, आणि मी डबे मुकाट्याने मागे घेतो.

आमच्याकडे रानातले टर्की पक्षी म्हणजे शेजारीच. छपरावर चढतात, गाडीच्या चकचकीत दारात स्वतःला बघून टोचे मारतात, रस्त्याच्या मधोमध उभे राहून वाहतूक तुंबवतात. त्यांना खायला घालू नका म्हणून नगरपालिका ओरडते, आणि कोणीतरी घालतंच. वसंत आला की नर माजतात. समोरच्याने एकदा कच खाल्ली की त्यांना बरोबर कळतं, आणि मग त्या माणसाची रोज भंबेरी उडते. म्हणून थंडी ओसरली की मेमे पोरांना फुटपाथवर रांगेत उभं करून शिकवणी घ्यायची.

“टर्की अंगावर आला तर?”

“हात पसरायचे!”

“आणि?”

“मोठ्ठ्याने ओरडायचं!”

“आणि काय करायचं नाही?”

“पाठ दाखवायची नाही!”

यंदाच्या नराचं नाव पोरांनी महापौर ठेवलं, कारण तो दिवसभर छाती काढून फिरायचा आणि काम काही करायचा नाही. त्याला मेमेची पाटी खटकली. माजलेल्या नराचं डोकं लालभडक होतं. तसलाच लाल गोळा उंच धरून उभी राहिलेली मेमे त्याला दुसरा नरच वाटली असावी. तो रोज येऊन तिच्यासमोर पिसारा फुलवायचा. “चल नीघ! कर भरतोस का इथे?” असं म्हणत ती पाटी आपटायची आणि गाड्यांतले लोक हसायचे. पण एकदा हळूच मला म्हणाली, “तू सकाळी जरा उशिरा निघत जा ना, पोरं आत जाईपर्यंत.” मी चमकून बघितलं, तर लगेच, “डबे आत घ्यायचे राहतात ना तुझे!” मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एप्रिलातल्या त्या सकाळी मी निघालो, तर तिने पाटी दाखवून मलाच थांबवलं. दुसऱ्या हाताने तिने पहिलीतल्या थियाचा हात धरला होता आणि मागून बाकीची पोरं. दोघी माझ्या गाडीसमोर आल्या, तेवढ्यात झुडपांतून महापौर धावत आला आणि पंख फडफडवत थेट पाटीवर झेपावला.

मेमे किंचाळली. पाटी रस्त्यावर पडली. तिने गाडीचं माझ्या बाजूच्या सीटचं दार उघडलं, आत बसली, दार ओढलं आणि लॉक दाबलं.

थिया तिच्या मागोमाग आली होती. तिने काचेवर तळवा टेकला. “मेमे?”

“उघड! पोरगी बाहेर आहे!” मी ओरडलो. मेमेने दार दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मी पट्टा सोडून माझ्या बाजूने उतरलो, तोवर थिया वळली होती. तिने हात पसरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. बाकीची पोरंही हात पसरून ओरडायला लागली. एकानेही पाठ दाखवली नाही. महापौराने पिसारा मिटला आणि काही घडलंच नाही अशा थाटात झुडपांत निघून गेला.

पोरांनी नाचून घेतलं आणि मग शाबासकीसाठी गाडीकडे बघितलं. मेमेने काच खाली केली नाही.

दिवसभर लोक तिची समजूत घालत होते. पोलीस ठाण्यातला सार्जंट म्हणाला, “अहो, माझ्या गाडीचा आरसा फोडलाय त्याने!” थियाचा बाप तर हसला, “मेमे, मी असतो तर टपावर चढलो असतो.” कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

दुपारी ती माझ्या पायरीवर येऊन बसली. “सगळे म्हणतात, थियाचा हात सुटला,” ती म्हणाली. “सुटला नाही रे. मी झटकला. तिने घट्ट धरला होता, म्हणून झटकावा लागला.” मग बराच वेळ ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. “मला लाज वाटते. त्या पोरांसमोर मी आता कुठल्या तोंडाने उभी राहू? उद्या पाटी परत देते.”

मी कॉफी आणून दिली, ती तिने प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण जाकीट न घालता, पाटी काखेत मारून. तिच्या जागी सार्जंट उभा होता. त्याने हातानेच गाड्या थांबवल्या आणि पोरांना ‘चला’ म्हणून खुणावलं. पोरं हलली नाहीत. ती मेमेकडे बघत होती आणि मेमे जमिनीकडे.

थिया पुढे आली. तिच्या मनात टोमणा नव्हता, ती खरंच काळजीने बोलत होती. “मेमे, महापौर तिकडे कुंपणापाशी आहे. घाबरू नकोस. हात पसर, मोठ्ठ्याने ओरड, आणि...”

“पाठ दाखवायची नाही,” मेमे पुटपुटली.

“बरोबर,” थिया म्हणाली, आणि तिने आपला हात पुढे केला. “आज सोडू नकोस हं.”

मेमेचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. तिने पाटी दुसऱ्या हातात घेतली, थियाचा हात धरला, आणि पलीकडे पोचेपर्यंत मान वर केली नाही.