बांधावरचे जलपूजन

त्या फुटलेल्या बांधाची घटना आठवली की मला आजही आधी हसू येते.

तेव्हा मी देवळीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी तावातावाने आत आले. नाल्यावर त्यांनी स्वतःच्या खर्चाने मातीचा छोटा बांध घातला होता. तो रात्रीच्या पावसात फुटला. पाणी गेले आणि गव्हाची आशाही गेली.

“शेजाऱ्यानंच फोडला, साहेब. लिवा त्याचं नाव!”

शेजारी आठवडी बाजारात चारचौघांत म्हणाला होता, “तुहा बांध टिकत नाई.” दुपारी खबऱ्याचा फोन आला: शेजाऱ्याच्या गोठ्यात ओल्या मातीने भरलेले फावडे आहे. शेतकऱ्याच्या फावड्याला माती असणे हा पुरावा ठरला असता, तर जिल्ह्यात कोठड्या पुरल्या नसत्या. तरी चौकशीला बोलावलेच.

बिचारा घाबरला होता. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आणि अटकेची टांगती तलवार. मी त्याच्याच बोलीत विचारले, “तसं काऊन म्हटलं?”

“रागानं म्हटलं, साहेब. जलपूजनाले साऱ्या गावाले जेवण देल्लं, मलेच नाई बोलावलं. भज्यायचा वास माह्या घरापर्यंत येऊन राह्यला होता!”

“म्हणून बांध फोडला?”

“कायले फोडू? त्याच्या झिरप्यावरच तं माह्या विहिरीले पाणी राह्यते!”

खोटे बोलणारा माणूस सहसा भज्यांचा वास सांगत नाही. मी फिर्यादीकडे वळलो. बांध किती मजबूत होता हे दाखवायला त्यांनी अभिमानाने मोबाइलमधला जलपूजनाचा फोटो पुढे केला. फेटा बांधलेले पुढारी, बांधाच्या माथ्यावर मंडप, समोर लोखंडी स्वागत कमान.

“हे खांब कशात रोवले?”

“बांधातच. पुढाऱ्यायच्या पायाले चिखल नाई लागला पायजे ना!”

“मग खड्डे बुजवले कोणी?”

फिर्यादींनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरून पाहिला. शेजारी पहिल्यांदाच हसला.

पंचांसमक्ष पाहणी केली. उरलेल्या बांधावर खड्ड्यांची सरळ रांग होती, एकात झेंडूची माळ कुजत होती. खिंडार बरोबर कमानीच्या जागी पडले होते. पावसाचे पाणी खड्ड्यांत मुरून माती खचली होती. गुन्हा दाखल केला नाही. केला असता तर आरोपी म्हणून स्वागत कमानीला अटक करावी लागली असती.

पुढच्या वर्षी बांध पुन्हा उभा राहिला. माती दाबायला शेजाऱ्याचीच बैलजोडी फिरली. जलपूजनाला मलाही बोलावणे होते. नुकसान झाले की शत्रू शोधण्याआधी सत्कार कुठे झाला ते बघावे, एवढे शहाणपण त्या प्रकरणाने मला दिले होते. ते मनाशी घोळवत मी पोचलो, तर कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची घेऊन बांधावर चढू लागला.

“खालीच ठेव रे खुर्ची!” नारळ हातात धरून शेजारी ओरडला. “साहेबाचे पाय भरू दे चिखलानं!”

फिर्यादींनी मान डोलावली आणि भज्यांची पहिली प्लेट शेजाऱ्याच्या हातात दिली. मी चिखलात उभा राहून दुसरी घेतली.