हाकेला ओ

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की मामा जिन्यात जाऊन उभे राहायचे, एकदाच घसा खाकरायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. खाकरणं खालच्या मजल्यापर्यंत जाऊन परत आलं, की मगच चहा.

"काय म्हणतो जिना?" मामी विचारायची.

"ऐकतोय."

"भिंतींना कान होते तेवढे पुरत नव्हते, आता जिन्यालाही फुटले!"

मामा कोर्टात पट्टेवाले होते. काम पुकाऱ्याचं. दाराबाहेर उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. कुणी आलं नाही तर आत जाऊन 'गैरहजर' सांगायचं. आणि शनिवारी संध्याकाळी, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, जमलेल्या लोकांसमोर ते कविता करायचे. म्हणजे बोलायचे. लिहिलेली एकही ओळ नव्हती. कधी बंद दारामागून येतात तसे नुसते आवाज, कधी एकच शब्द उलटासुलटा, झिजेपर्यंत.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. एकदा म्हटलं, "मामा, निदान लिहून तरी ठेवा."

"कागद ओ देत नाही," ते म्हणाले. "कविता माझ्या हाकेत नसते गं. हाक आणि ओ, यांच्या मधल्या जागेत असते. समोरच्यानं ओ दिली नाही, तर मी नुसताच ओरडलो."

टाळ्या त्यांना खपत नसत. टाळी म्हणजे 'झालं, आता बस खाली', असं त्यांचं म्हणणं.

"ह्यांच्या कवितेला शेंडा ना बुडखा," मामी शेजारणीला सांगायची. "पण माणूस पीत नाही, म्हणून चालवून घेते."

मग कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला चौकशीसाठी दुकानातून नेलं, आणि त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. त्याच्या खटल्याची तारीख आली तेव्हा पुकारा मामांनीच केला. त्याची बायको समोरच भिंतीला टेकून उभी होती. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर ती हळूच म्हणाली, "कुठे आहे ते तुमच्याच लोकांना विचारा ना."

मामा आत गेले आणि 'गैरहजर' म्हणाले.  

त्या शनिवारी खोलीत उभे राहून त्यांनी कोर्टातल्या आवाजात पुकारलं, "घड्याळवाला हजर आहे?" लोक हसले. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा हसले नाहीत. तिसऱ्यांदा पुकारल्यावर खुर्च्यासुद्धा करकरायच्या थांबल्या, आणि मागून शिंप्याच्या म्हाताऱ्या आईचा बारीक आवाज आला, "ओ."

पुढच्या शनिवारी अख्ख्या खोलीनं ओ दिली. घड्याळवाल्याची बायकोही येऊ लागली. ओ आली की ती डोळे मिटून घ्यायची.

एके दिवशी कोर्टातल्या मोठ्या कारकुनानं मामांना बाजूला घेतलं. हे मामांनीच जेवताना सांगितलं, नक्कल करून. "अहो, कविता करा ना. फुलांवर करा, चंद्रावर करा. पुकारा मात्र इथंच ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी तुमचा पुकारा मला करावा लागेल."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मामीनं विचारलं.

"म्हटलं, साहेब, आवाज खणखणीत लावा. तुमचा फार पडतो."

मी हसले. मामी हसली नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर खोली आधीच भरलेली. सगळे अनोळखी पुरुष, कडक इस्त्रीचे सदरे, हात मांडीवर. नेहमीचे लोक खाली रस्त्यावर उभे. वर जागा नाही म्हणून कुणीतरी सांगितलेलं. आतमध्ये ओळखीची फक्त घड्याळवाल्याची बायको, अगदी कोपऱ्यात. मी आणि मामी दारातच थांबलो.

मामांनी पुकारलं. एकदा. दोनदा. कुणी खोकलंदेखील नाही. तिसऱ्यांदा पुकारल्याबरोबर ते सगळे टाळ्या वाजवू लागले. एका लयीत, चेहरे कोरे. थांबेचनात. कोपऱ्यात तिचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही. मामा तिच्याकडे बघत उभे राहिले. टाळ्या संपल्यावर म्हणाले, "ऐकू आलं. पुढच्या शनिवारी पुन्हा पुकारतो."

घरी मामीनं त्यांचा हात धरला. "नका जाऊ. एवढं माझं ऐका."

"मी गेलो नाही, तर मी दुसऱ्यांदा 'गैरहजर' म्हटल्यासारखं होईल."

पण शनिवार यायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी आम्ही जेवत असताना दोघं जण आले. बोलणं अगदी मऊ. "काका, पाच मिनिटांचं काम आहे. चला जरा."

"जेवू तरी द्या त्यांना," मामी म्हणाली.

"परत आल्यावर जेवतील की."

मामांनी हात धुतले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चपला घालताना ते मामीच्या कानाशी वाकले. पण हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"भाजी अळणी झालीय. पोरीला बोलू नकोस, पहिल्यांदाच केलीय तिनं."