देवाआधीची वाटी

"तारण झालंय का तुमचं?"

जिन्यात भेटले की हा प्रश्न ठरलेला. बाकीचे शेजारी 'जेवण झालं का' विचारतात, अगदी त्या सुरात. मी म्हणायचो, "अजून नाही, स्टोव्हवर ठेवलंय." ते मनापासून हसायचे आणि येशूचं एक पत्रक माझ्या हातात ठेवायचे.

असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास आम्ही बोरीवलीला राहायला गेलो, तेव्हा हे समोरच्या खोलीत होते. मूळचे नगरकडचे, गिरगावात कारकून, आणि रविवारी अंधेरीच्या प्रार्थनासभेत उपदेशक. प्रभूला न मानणाऱ्याला तारण नाही, त्याचा नाश अटळ, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यात आम्ही सगळेच आलो, पण त्यांना आमची काळजी खरोखर वाटायची.

आमच्याकडे सत्यनारायण असला की ते यायचे, दाराशी बसायचे, पण प्रसाद घ्यायचे नाहीत. "मूर्तीपुढे ठेवलेलं मला चालत नाही. राग मानू नका."

एका वर्षी मला सुधारकी झटका आला. भरल्या घरात मी भाषण ठोकलं, "अहो, रव्याला कसला आलाय धर्म? खा की!" सगळे हसले. ते मान खाली घालून बसले. आईने स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "ए शहाण्या, पाणी भर आत येऊन." माझी सुधारणा हंड्यापाशी संपली.

पुढच्या वर्षी पूजेआधी पाहतो तर आई कढईतून पहिली वाटी शिऱ्याची काढतेय. एरवी नैवेद्याआधी आम्हाला वाससुद्धा घेऊ न देणारी बाई!

"आई, अगं देवाच्या आधी?"

"देव घरचाच आहे, थांबेल. समोरचे पाहुणे आहेत."

ते दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. वाटी घेतली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि सावकाश खाल्लं. शेवटचा घास मात्र बराच वेळ हातातच राहिला.

त्या रविवारी त्यांच्या आग्रहाने मी सभेला गेलो. खरं तर केकच्या आशेने. ते उपदेशाला उभे राहिले, त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि मिटलं.

"माझ्या शेजारी एक आई आहे. तिचा नाश होणार, असं आज मला सांगता येत नाही. मी चुकत असेन तर प्रभूने मला शिकवावं."

इतकंच बोलून ते बसले. भारावून मी मूर्खाने टाळ्या वाजवल्या. एकट्याने!

त्यानंतर त्यांना उपदेशाला कोणी उभं केलं नाही. तरी दर रविवारी शास्त्र काखेत मारून ते जायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. मी एकदा म्हणालो, "सोडा की आता!"

"अहो, घरात भांडण झालं म्हणून बाप बदलतात का?"

जिन्यातला जुना प्रश्नही बंद झाला. "आई बऱ्या आहेत ना?" एवढंच विचारायचे.

आई गेली. मग तेही गेले. आमच्याकडे पूजेला पहिली वाटी अजून बाजूला निघते. दर वेळी गुरुजी खाकरतात, घड्याळाकडे बघतात. मी म्हणतो, "जरा थांबा, गुरुजी. देव घरचाच आहे."