नानांची बदामी पँट

"अरे, ही तर नानांची बदामी पँट! माझ्या लग्नात हीच घातली होती त्यांनी."

साहेबांचा मेहुणा माझ्याकडे बोट दाखवून हसत होता. मी बिलांची फाईल घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभा. नाना म्हणजे साहेबांचे वडील. नुकतेच वारले होते. त्यांच्या तेराव्याला आम्ही ऑफिसातले सगळे जेवून आलो होतो.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "आमच्यात गेलेल्या माणसाचं कुणी घालत नाही. पण कापड चांगलं, टाकवेना. म्हटलं, ह्याला होईल." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "तुमच्यात चालतं ना?"

तुमच्यात.

मी फाईल ठेवली, माझ्या जागेवर आलो. खुर्चीवर बसवेना.

मढ्याचं कापड. आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला गावानं तेच ठेवलं होतं. गावात कुणी मेलं की अंगावरचं कापड आमच्या वस्तीत यायचं. त्याला हक्क म्हणायचे. हक्क! धम्म घेतला तेव्हा आजोबांनी ते बंद केलं. उघडा फिरेन पण मढ्याचं घालणार नाही, असं चावडीवर सांगून आले. आणि त्यांचा बी.कॉम. झालेला नातू सकाळी तेच कमरेला लावून, पट्टा आवळून, किन्हवलीहून एसटीनं मुरबाडला आला होता. वर भांग पाडून.

खोटं कशाला सांगू, त्या पँटमध्ये मला फार बरं वाटत होतं.

माझ्या मांड्या जाड. लहानपणापासून शेतात राबून झालेल्या. आणि मुरबाडच्या कुठल्याही दुकानात जा, स्लिम फिट. "आता हाच माल येतो." उभं राहिलो तर ठीक, बसलो की जांघेत काचायचं, पोटात रुतायचं. स्वस्तातल्या पँटचं कापड असं की दुपारपर्यंत घामानं चिकटून बसायचं. ऐसपैस हवी तर भारीतली घ्या. शिवून घ्यावी तर नुसती शिलाईच तयार पँटपेक्षा जास्त. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून बिलं करायची आणि नीट बसता येईल अशी पँट माझ्या पगारात मिळत नव्हती. हसू नका. ज्याला काचतं त्यालाच कळतं.

मग एक दिवस खालच्या कप्प्यातून फाईल काढायला वाकलो आणि मागची शिवण टरकन उसवली. ऑफिस हसलं. मी शर्ट बाहेर काढून दिवस काढला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पिशवी दिली. "माझ्याकडे पडून होती. ऑफिसला शोभेल." मला वाटलं, साहेबांचीच जुनी. तेही घ्यायला नको होतं. पण दिवाळीनंतर नोकरीत कायम करणार होते, नाही कसं म्हणायचं? आईनं धुतली, पाय आखूड करून दिले. "चांगला सायेब मिळाला रे तुला," म्हणाली.

आता ती पँट अंगभर सरपटत होती. किळस. पण कुणाची? त्या म्हाताऱ्यानं माझं काय केलं होतं? मेला बिचारा. किळस आली ती त्या मायेची. स्वतःच्या घरात ज्याचा विटाळ, ते माझ्या अंगावर घालून वर उपकार. आणि माझ्या मांड्यांचीही आली. सकाळपासून सुखावल्या होत्या लाचार.

जेवणाच्या सुट्टीत उठलो. एसटी स्टँडसमोरच्या हातगाडीवरून काळी नाडीची ट्रॅक पँट घेतली. बाजूला पांढरे पट्टे. स्टँडच्या मुतारीत, नाक दाबून, बदलली. बदामी पँटची नीट घडी केली. ऑफिसात आलो. साहेब आणि मेहुणा हसतखिदळत जेवत होते. ती घडी साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "टेबलावर काय ठेवतोस? खाली ठेव! नंतर सांगतो कुणालातरी उचलायला."

बघा. सख्ख्या बापाची पँट. हात लावेना.

"तुमच्या वडिलांची आहे," मी म्हणालो. "तुम्हीच उचला."

मेहुण्याचं हसणं थांबलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "आणि हे काय घालून आलायस? हे ऑफिस आहे. उद्या नीट कपड्यात ये, नाहीतर येऊ नको."

"ही माझ्या पैशांची आहे," म्हणालो, आणि जाऊन बसलो. उरलेली सगळी बिलं केली. एकही चुकू दिलं नाही.

घरी आईनं विचारलं, "ती पँट कुठं रे?" सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"मेलेल्याची होती?"

"हो."

"मी दातानं दोरा तोडला रे तिचा."

ती उठली, मोरीवर गेली. गुळणी केली. पुन्हा केली. तांब्या रिकामा झाला, तिनं परत भरला. मी मागे उभा राहून बघत होतो. भाकरी तव्यावर करपली, तरी कुणी काढली नाही.

"आई, पुरे."

"नाय जात रे," ती म्हणाली.

उद्या मी ऑफिसला जाणार. हीच पट्ट्यांची पँट घालून, वेळेवर. काढून टाकायचं असेल तर त्यानं मला समोर उभं करून, सगळ्यांदेखत कारण सांगावं. मी आपणहून जाणार नाही. कायम करू दे, न करू दे. पण त्या माणसाला या तोंडानं पुन्हा साहेब म्हणणार नाही. माझ्या आईच्या तोंडाला त्यानं मढं लावलं.