शोभेचा पट्टा

तंबूची भिंत सकाळपासून चार बोटं बाहेर सरकली होती. फरशीवर मीच खडूने खूण केली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहायचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर, नुकतं लायसन्स मिळालेलं. ह्यूस्टनच्या एका छोट्या म्युझियमचं हे काम माझ्या सहीने जाणारं पहिलंच. माझा बॉस बिल म्हणाला होता, "तंबूच तर आहे. जमेल तुला." ते 'तंबूच तर' मला चांगलंच झोंबलं होतं.

तंबू मध्य आशियातल्या भटक्या मेंढपाळांचा. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची उघडमिट होणारी जाळी, दुकानांच्या सरकत्या लोखंडी दारासारखी. तिच्यावर छपराच्या काठ्या टेकतात. हा सांगाडा नवा होता, सुताराने फोटो बघून केलेला. क्युरेटर रूथने दोन वर्षं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. तिला शाळेतली मुलं आत बसवायची होती. शनिवारी ओपनिंग. तंबू सुरक्षित असल्याची सही मी दिली नाही तर मुलं बाहेरूनच बघणार.

छपराचं वजन जाळीला बाहेर ढकलतं. आम्ही त्याला थ्रस्ट म्हणतो. मी ऐटीत सांगितलं, "भिंतीभोवती स्टील केबल आवळा."

आवळली. कडकन एक पट्टी मोडली. केबल बारीक, सगळा दाब एका रेषेत. चूक सरळ माझी होती. रूथने खाली पडलेला तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"ते लोक इथे काय बांधायचे?" मी विचारलं.

"दोरी असेल."

"आणि तो?" भिंतीवर काचेमागे एक विणलेला पट्टा होता. वीतभर रुंद, लांबच लांब.

"तो ओरिजिनल आहे. पण डेकोरेशन."

मी काचेला नाक लावलं. नक्षी सुरेख, पण ठरावीक अंतरावर घासलेली. टोकांना जाड गोफ. नुसत्या शोभेला गोफ कशाला लागतात?

"अगं, ही तर नवार आहे!" मी मराठीतच बोलून गेले. मग तिला समजावलं. आमच्याकडे सुती पट्ट्यांनी खाट विणतात, त्या पट्टीला नवार म्हणतात. रुंद असल्यामुळे ती रुतत नाही. हा पट्टा भिंतीभोवती फिरवून दाराच्या चौकटीला दोन्हीकडे बांधत असणार.

"म्हणजे दोन वर्षं मी बेल्टला नेकलेस समजत होते?" रूथ हसत सुटली. मलाही हसू आवरेना.

जुना पट्टा ताणायचा प्रश्नच नव्हता. मी कारच्या सीट दुरुस्त करणाऱ्या दुकानातून सीटबेल्टची पट्टी आणली आणि चार पदर शेजारी शेजारी शिवून घेतले. सुताराने जाळीची मोडलेली पट्टी बदलली. आम्ही नवा पट्टा आवळला, वजन पेलतं का बघायला छपराला वाळूच्या पिशव्या टांगल्या. दुसऱ्या दिवशी भिंत तसूभरही हललेली नव्हती. मी सही केली. इतका आनंद मला लायसन्स मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

बिलने रिपोर्ट वाचला. "सीटबेल्ट?"

"हो."

"तंबूला?"

"हो."

त्याने कागद फाइलला लावला आणि एका चर्चच्या छपराचं काम माझ्यापुढे सरकवलं.

शनिवारी तंबूत इतकी मुलं शिरली, की रूथला बाहेर उभं राहावं लागलं. तेव्हापासून ड्रॉइंगवर 'डेकोरेटिव्ह' असं लिहिलेलं दिसलं, की मी आधी विचारते, हे काढलं तर काय पडेल?