मुंग्या येणारं मशीन

कल्लप्पा हत्तुरे आमच्या कारखान्यातला सगळ्यांत सावध माणूस होता, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं वाचून तो कुणी बेफिकीर गडी होता असं वाटेल.

होटगी रस्त्याला खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी दारं करायचा आमचा लहानसा कारखाना. मी वेल्डिंगला, कल्लप्पा भोकं पाडायला. तो अक्कलकोटकडचा, घरी कानडी, कामावर मराठी. एकाहत्तर साली मालकांनी विजेचं ड्रिल मशीन आणलं आणि त्याच्या हाती दिलं. त्याआधी दहा वर्षं त्यानं हातानं फिरवायच्या ड्रिलवर खांदा झिजवला होता. नवं मशीन जड, सगळं अंग धातूचं. काम करताना त्याची बाही कोपराच्या वर असे, हातात कडं नसे. हातमोजाही घालत नसे. मोजा गुंतला तर बोट घेऊन जातो, म्हणे. लोखंडी पट्टी शिकंज्यात आवळल्याशिवाय त्यानं कधी बटण दाबलं नाही, आणि मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. महिपती त्यावरून त्याची थट्टा करी, की कल्लप्पा एक वेळ घर सोडून जाईल, मशीन नाही सोडायचा.

महिपती मोहोळकडचा, चाळिशीला टेकलेला. जाळ्या भिंतीत बसवणं त्याचं काम. दुपारी तो आणि कल्लप्पा एकमेकांच्या डब्यातलं खात.

मशीनच्या वायरीत तीन तारा होत्या, आणि बांधकामांवर तात्पुरतं सॉकेट दोनच भोकांचं असे. कल्लप्पानं प्लग कापून टाकला. दोन तारा भोकांत घालून त्या काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करायच्या, आणि तिसरी, हिरवी, मागं दुमडून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळायची. तेव्हा सगळेच तसं करत. हिरवीशिवाय मशीन फिरतंय, मग ती कशाला? आत काही बिघडलं तर वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, म्हणून ती तार असते. हे आम्हाला नंतर कळलं.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात सात रस्ता चौकाजवळ एका बंगल्याचं काम चालू होतं. तिथं मशीन धरलं की कल्लप्पाच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आठ दिवस येत होत्या. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मालकांच्या कानावर गेलं तर मशीन दुरुस्तीला जाईल आणि पुन्हा हातड्रिल येईल, ही धास्ती. त्यानं आपल्यापुरता उपाय काढला. रबरी चपला घालून कोरड्या फळीवर उभं राहायचं. मुंग्या थांबल्या.

शनिवारी सकाळी ड्रिलची बिट, म्हणजे भोक पाडणारं टोक, मोडली. नवी आणायला तो सायकलवरून पेठेत निघाला. जाताना महिपतीला म्हणाला, "मी येईस्तोवर मशीनला हात लावू नको."

तीन वर्षं तो रोज हेच म्हणत होता. महिपतीनं मान हलवली.

चारच भोकं राहिली होती. पेटीत महिपतीला एक जुनी बिट सापडली. कल्लप्पाची फळी गवंड्यांनी परांचीसाठी नेली होती. खोलीत नवी शहाबादी फरशी घातलेली. सांधे पक्के व्हावेत म्हणून तिच्यावर पाणी सोडलेलं. महिपती अनवाणी होता.

मी शेजारच्या खोलीत होतो. मशीनचा आवाज लोखंडात घुसल्यासारखा येईना, नुसताच चालू राहिला, म्हणून डोकावलो. महिपती वाकून उभा होता. दोन्ही मुठी मशीनवर आवळलेल्या, दातखीळ बसलेली. मी लाकडाची पट्टी उचलून सॉकेटवर मारली. तारा निघाल्या आणि तो पडला. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, इथं आणण्याआधीच गेलाय.

कल्लप्पा परत आला तेव्हा फाटकाशी गर्दी होती. तो आत आला, पण महिपती जिथं पडला होता त्या जागेकडं त्यानं पाहिलं नाही. त्याची फळी असायची तिकडं पाहत राहिला.

चौकशीत लिहिलं गेलं, की मयत ओल्या जागी उभा होता, चूक त्याचीच. कारखान्यातही सगळे तेच बोलू लागले. कल्लप्पा गप्प राहिला. जूनमध्ये एका दुपारी त्यानं डबा उघडला, बंद केला आणि मला मुंग्यांचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, महिपतीच्या घरी चल, एकट्यानं पाय उचलत नाही.

महिपतीची बायको सोनाबाई दारात विड्या वळत बसली होती. कल्लप्पा उभ्यानंच बोलला. मुंग्या, फळी, हिरवी तार, काहीच लपवलं नाही. तिचे हात थांबले.

"आठ दिस ठावं हुतं तुमाला?"

"व्हय, वैनी."

"मग त्यास्नी का न्हाय सांगितलं? हात लावू नको म्हनला. मुंग्या येत्यात म्हनला असता तर त्यांनी ऐकलं असतं की."

ती ओरडली नाही. सुपातली पानं सारखी करत म्हणाली, "पुन्यांदा हितं येऊ नका."

तो पुन्हा कधी गेला नाही.

मालकांना त्यानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, आता तोंड उघडू नको. पण कल्लप्पानं उघडलं. हिरवी तार जोडल्याशिवाय तो मशीन सुरू करीना. जिथं सोय नसेल तिथं हातड्रिल घेऊन बसे. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लावी. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी म्हणे, "हाताला मुंग्या आल्या तर मशीन खाली ठेव आणि सगळ्यांना ओरडून सांग. मी सांगितलं न्हाय, माणूस मेला." ऐकणारे अवघडत. पुढं त्याच्याशेजारी डबा खायला कुणी बसेना. शहात्तरला मालकांनी त्याला काढलं. त्यानंतर तो एका ठिकाणी सहा महिन्यांच्या वर टिकला नाही. सगळीकडं तेच सांगे, आणि सगळीकडं लोकांना ते नको होई.

मी मात्र सोनाबाईकडं अधूनमधून जात राहिलो. एकदा तिनं आपणहून विचारलं, ते अजून सांगत असत्यात का लोकास्नी? मी हो म्हटलं.

"ऐकत्यात?"

"काही ऐकतात. काही हसतात."

तिनं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं. मग मला चहा विचारला. मी नको म्हटलं आणि उठलो.